तेरुएलच्या डोंगरातून, आई-बाबांना

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

आई, मागच्या रविवारी फोनवर तू विचारलंस, चिटपाखरू दिसत नाही अशा रस्त्यांवर एकटी सायकल घेऊन जातेसच कशाला? फोनवर दोन वाक्यांत सांगण्यासारखं ते नव्हतं, म्हणून सविस्तर लिहिते. बाबा, तुम्ही हे आईला वाचून दाखवा, आणि मधले घाटाचे भाग गाळू नका.

आधी काळजीचं. इथे स्पेनमध्ये गावाबाहेरच्या रस्त्यावर सायकल चालवणाऱ्याला हेल्मेट सक्तीचं आहे आणि सायकलला ओलांडून जाणाऱ्या गाडीला दीड मीटर अंतर सोडणं सक्तीचं आहे. ते अंतर मिळावं म्हणून, समोरून कोणी येत नसेल तर, रस्त्यावरची अखंड रेघ ओलांडायलाही गाडीवाल्याला मुभा असते. 2022 पासून नियम आणखी कडक झाला. एका दिशेला दोन पट्टे असतील तर गाडीने अख्खा पट्टाच बदलायचा. मोडला तर दंड होतो, लायसन्सवरचे गुणही जातात. पण नियमापेक्षा लोकांची सवय मला जास्त भरवशाची वाटते. वळणावर मागून आलेला ट्रॅक्टर पुढचा रस्ता दिसेपर्यंत माझ्या मागे सावकाश येत राहतो, हॉर्न वाजवत नाही. काही दऱ्यांत फोनला रेंज नसते, हे खरं आहे. त्यासाठी सकाळी निघतानाच मुक्कामाच्या घरी फोन करून कुठल्या रस्त्याने येणार ते सांगून ठेवते. संध्याकाळी मी पोचले नाही तर ती माणसं गाडी काढतील, एवढी ओळख आता झाली आहे.

मी जाते तो भाग बराचसा तेरुएल जिल्ह्यात येतो, व्हॅलेन्सियाच्या वायव्येला. डोंगराळ मुलुख आहे, माएस्त्राझ्गो म्हणतात त्याला. ऑफिसातली मैत्रीण शनिवारी पहाटे गाडीने मोरेल्यापर्यंत सोडते. मोरेला म्हणजे डोंगराच्या माथ्यावर तटबंदीच्या आत बसलेलं गाव, वर किल्ला. तिथून फोर्कालपर्यंत उतार, मग नदीच्या काठाकाठाने ला माता, आणि पुढे चढत चढत मिराम्बेल. मिराम्बेललाही तट आहे, वेशीचे दरवाजे आहेत. एका वेशीवर मठाच्या जोगिणींसाठी बांधलेला सज्जा आहे. त्याच्या जाळ्या लाकडाच्या नाहीत, भाजलेल्या मातीच्या आणि जिप्सम-प्लास्टरच्या आहेत. आतून रस्ता दिसावा आणि बाहेरून आतलं कोणी दिसू नये, अशी ती योजना. गावात माणसं जेमतेम शंभर-सव्वाशे.

मिराम्बेलपासून कांताविएखापर्यंतचा चढ मला सगळ्यात प्रिय आहे. पंधराएक किलोमीटरमध्ये तीनशे मीटर वर. कांताविएखा 1,300 मीटरवर एका कड्याच्या टोकाला आहे, म्हणजे आपल्या शिंगणापूरपेक्षाही उंच. एका लयीत पाय फिरत राहतात. आधी बदामाची आणि गव्हाची शेतं, मग सदाहरित ओक, मग जुनिपरची खुरटी झाडं आणि शेवटी पाइन. उन्हं वर आली की कडेच्या थाइमचा आणि रोझमेरीचा वास रस्त्यावर उतरतो. बाबा, तुमच्या टपालाच्या सायकलला गिअर नव्हते. खांद्यावर पिशवी घेऊन, दहिवडीहून वाड्यावस्त्यांवर तुम्ही उन्हाळ्यात कसे जात असाल, ते या चढावर मला अंगाने कळलं. माझ्या सायकलला बावीस गिअर आहेत, आणि तरी शेवटच्या दोन किलोमीटरला मी श्वास मोजत असते.

कांताविएखाच्या पुढे ए-1702 नावाचा रस्ता लागतो. साठ-पासष्ट किलोमीटरचा हा रस्ता तिथल्या लोकांनी ‘सायलेंट रूट’ म्हणून नावाजला आहे, आणि तो खरोखर तसा आहे. कान्यादा दे बेनातांदूस, मग कड्याच्या काठावरचं बियार्लुएंगो, मग एखुल्वे. तासभर चालवावं आणि चार गाड्या भेटाव्यात, असा रस्ता. बियार्लुएंगोच्या पुढे ‘ऑर्गानोस दे मोंतोरो’ म्हणून चुनखडीचे उभे सुळके आहेत. चर्चमधल्या ऑर्गनच्या नळ्या ओळीने उभ्या असतात तसे दिसतात, म्हणून ते नाव. सुळक्यांच्या कपारीत गिधाडं असतात. उतारावर सायकल सोडली की कधी कधी ती डोळ्यांच्या उंचीवर, दरीतल्या हवेत तरंगताना दिसतात. पंख हलत नाहीत, मान मात्र हलते. बाबा, तुम्ही सांगायचात, तुमच्या लहानपणी गावाबाहेर मेलेलं जनावर टाकलं की तासाभरात गिधाडं जमायची. मी आपल्या गावात एकही पाहिलं नाही. जनावरांना दिलेल्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामक औषधाने ती मेली हे कळेपर्यंत फार उशीर झाला होता, आणि 2006 मध्ये बंदी आली तेव्हा आकाश रिकामं झालेलं होतं. म्हणून ही गिधाडं दिसली की मी ब्रेक दाबते आणि पुरती बघून घेते.

एखुल्वेच्या बाजूला अजूनही जळकी खोडं दिसतात. 2009 च्या जुलैत तिथे वणवा लागला आणि हजारो हेक्टर रान गेलं. आता मधून नवी झाडं वर आली आहेत.

दगडाच्या भिंती तर सगळीकडे. चुना नाही, सिमेंट नाही, नुसते रचीव दगड, आपल्या माण तालुक्यातल्या गडग्यांसारखेच. ला इग्लेसुएला देल सिद या गावाभोवती तर मैलोन् मैल आहेत. दगड रचण्याची ही कला 2018 मध्ये युनेस्कोने वारसा म्हणून यादीत घेतली. स्पेनबरोबर इटली, ग्रीस, फ्रान्स वगैरे आणखी सात देश होते. काही ठिकाणी अशा दोन भिंतींच्या मधून रुंद पट्टा जातो. तो मेंढरांचा रस्ता. हिवाळ्यात कळप खाली समुद्राकडच्या उबदार भागात आणि उन्हाळ्यात वर डोंगरात. 1273 मध्ये दहाव्या आल्फोन्सो राजाने मेंढपाळांच्या संघाला हक्क दिले, आणि आजही 1995 च्या कायद्याने हे मार्ग सार्वजनिक मालकीचे आहेत, त्यावर कोणी कुंपण घालू शकत नाही. हे वाचलं तेव्हा मला दसरा-दिवाळीनंतर कोकणाकडे निघणारे आपल्याकडचे धनगर आठवले. त्यांना दरवर्षी वाटेतल्या प्रत्येक गावाशी नव्याने बोलावं लागतं. त्यांच्या वाटांना असं कायद्याचं संरक्षण नाही, आणि ते असायला हवं असं मला मनापासून वाटतं.

आता जे सांगण्यासाठी पत्र लिहायला बसले ते.

हे रस्ते शांत आहेत कारण माणसं गेली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तेरुएल जिल्ह्यात अडीच लाख लोक होते. आज एक लाख पस्तीस हजारांच्या आसपास आहेत. जिल्हा आपल्या साताऱ्याच्या जवळजवळ दीडपट, आणि साताऱ्यात 2011 च्या जनगणनेत तीस लाख. 1950 नंतर इथली तरुण पोरं बार्सिलोना, व्हॅलेन्सिया, झारागोझाच्या कारखान्यांत गेली. डोंगरात ‘मास’ म्हणतात अशी एकेकटी शेतघरं आहेत, दगडी, दुमजली, खाली गोठा, वर माणसं. त्यातली कितीतरी आता छप्पर खचलेली. माणातून मुंबईच्या गिरण्यांत माणसं गेली आणि त्यांच्या मनीऑर्डरी तुम्ही घरोघर वाटल्यात, बाबा. 1982 च्या संपानंतर त्या आटल्या, हेही तुम्हीच सांगितलंत. त्यामुळे एखाद्या पडक्या घरापाशी पाणी प्यायला थांबले की मला ती गोष्ट परकी वाटत नाही.

पण जे राहिलेत ते कसे राहिलेत, हे मी नीट पाहत आले आहे. चौकातल्या नळावर बाटली भरताना एक आजी नेहमी भेटतात, वय पंच्याऐंशीच्या पुढे. मुलं बार्सिलोनात. ऑगस्टमध्ये गावच्या सणाला सगळी येतात, तेव्हा गाव भरून जातं, आपल्या जत्रेला मुंबईकर येतात तसंच. मी त्यांना विचारलं, मुलांकडे का जात नाही? त्या म्हणाल्या, “इथे मला सगळे नावाने ओळखतात. तिथे मी चौथ्या मजल्यावरची म्हातारी.”

आणि त्या राहू शकतात, कारण लागणाऱ्या गोष्टी गावात येतात. पावाची गाडी येते, हॉर्न वाजवते, बायका पिशव्या घेऊन बाहेर येतात. डॉक्टर ठरलेल्या वारी गावच्या छोट्या दवाखान्यात बसतात. ज्या गावात दुकान चालणं शक्य नाही तिथे ‘मुल्तिसेर्विसिओ’ असतं. जागा गावची, चालवायला एखादं कुटुंब, आणि एकाच छपराखाली किराणा, कॉफी, जेवण, दोन-चार खोल्या. मीही तिथेच जेवते. दुपारी मसुराची उसळ आणि अंड्याचं तोर्तिया, सोबत गावची म्हातारी मंडळी पत्ते खेळताना. ते दुकान बंद पडलं तर वर्षाच्या आत चार घरांना कुलूप लागेल, हे तिथे प्रत्येकाला ठाऊक आहे. या गोष्टी आपोआप मिळाल्या नाहीत. 1999 मध्ये ‘तेरुएल एक्सिस्ते’ म्हणजे ‘तेरुएल आहे’ अशा नावाची चळवळ उभी राहिली. रेल्वे, रस्ते, दवाखाने यांसाठी लोक रस्त्यावर आले, आणि 2019 मध्ये त्यांचा एक माणूस संसदेच्या कनिष्ठ सभागृहात निवडूनही गेला.

दादा म्हणतो, आता तुम्ही पुण्याला या, फ्लॅटमध्ये लिफ्ट आहे, दवाखाना खाली आहे. तो काळजीपोटीच म्हणतो. पण माझं मत वेगळं आहे, आणि ते मी त्याला लिहूनही कळवलं आहे. तुमची इच्छा असेल तर जरूर जा. आमच्या काळजीसाठी म्हणून जाऊ नका. आई, तुझा ओटा, तुझी शेवग्याची झाडं, संध्याकाळी येणाऱ्या बायका, हे पुण्यात मिळणार नाही. ज्या गोष्टींसाठी जायचं म्हणतो आहोत त्या आधी घरापर्यंत आणता येतात का, ते बघूया. बाबांचा हयातीचा दाखला आता पोस्टमन घरी येऊन काढतोच. दहिवडीच्या डॉक्टरांनी महिन्यातून एकदा घरी येऊन दोघांची तपासणी करावी, त्याचे पैसे मी पाठवेन. आईच्या गोळ्या तीन महिन्यांच्या एकदम आणून ठेवायच्या. न्हाणीत धरायला दांडा बसवायचा, ओट्याला उतरती फरशी करायची. तुमची गाडीने ने-आण करायचं काम शेजारच्या कोणा मुलाला दिलं तर त्याचंही भलं होईल. रात्री-अपरात्री साताऱ्याला जावं लागलं तर कोणाची गाडी, हे आत्ताच ठरवून ठेवूया.

मी शिंगणापूरच्या यात्रेच्या सुमारास येते आहे, तीन आठवडे. तेवढ्यात बांधकामाची कामं उरकतील. त्याआधी तुम्ही दोघांनी बसून यादी करा, काय अडतं आणि कधी अडतं. आईचं वेगळं लिहा, बाबांचं वेगळं. आणि बाबा, ती टपालानेच पाठवा. फोनवर दादा शेजारी असला की तुम्ही दोघंही ‘सगळं ठीक आहे’ एवढंच म्हणता.

तुमची,
धाकटी