फोटोखालचं नाव

महोदय,

बिंदू चौकातल्या टपरीवर परवा युद्धाच्या बातमीवरून वाद रंगला. ‘हे पत्रकार मरायला जातात कशाला तिकडं?’ एक जण सहज बोलून गेला. मला भारतीय छायाचित्र-पत्रकार दानिश सिद्दीकी आठवले. म्यानमारमधून पळालेल्या रोहिंग्या निर्वासितांच्या छायाचित्रांसाठी २०१८ चा पुलित्झर हा पत्रकारितेचा पुरस्कार मिळवणाऱ्या रॉयटर्स वृत्तसंस्थेच्या चमूत ते होते. १६ जुलै २०२१ ला अफगाणिस्तानात स्पिन बोल्डक इथं, अफगाण फौज आणि तालिबान यांच्या लढाईचं वार्तांकन करताना ते मारले गेले. युद्धाचे नियम घालून देणाऱ्या जिनिव्हा करारांना १९७७ मध्ये जोडलेल्या पुरवणीतलं कलम ७९ युद्धातल्या पत्रकाराला सामान्य नागरिक मानतं. गोळीला ते कोण सांगणार? फोटोखालचं फोटोग्राफरचं बारीक नाव आपण वाचतही नाही (मीही परवापर्यंत वाचत नव्हतो). तेवढं जरा ठळक छापाल का?

– एक वाचक, शाहूपुरी, कोल्हापूर