डिसेंबरातले ओव्हरक्लॉकिंग मे महिन्यात टिकत नाही

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

परीक्षा संपल्या की नागपूरच्या महाल भागातल्या माझ्या लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानात पोट्ट्यांची रीघ लागते. मागणी ठरलेली. ‘काका, गेम अडकतो, प्रोसेसर ओव्हरक्लॉक करून द्या.’ ओव्हरक्लॉक म्हणजे कारखान्याने ठरवलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवणे. शहरात काही जण पैसे घेऊन हे करूनही देतात. या मुलांच्या आईवडिलांनी मोठी रक्कम खर्चून, बरेचदा हप्त्यांवर, ते यंत्र घेतलेले असते. म्हणून चार गोष्टी स्पष्ट लिहितो.

पहिली गोष्ट म्हणजे, बहुतेक लॅपटॉप ओव्हरक्लॉक होतच नाहीत. इंटेलच्या प्रोसेसरच्या नावाशेवटी नुसते एच किंवा यू असेल, तर त्याचा वेग कारखान्यातच बांधलेला असतो. एचके आणि एचएक्स मालिकेतले काही प्रोसेसर खुले असतात. तिथेही लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीने बायोसमध्ये (यंत्र सुरू करणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये) मुभा ठेवलेली असावी लागते. बांधलेल्या प्रोसेसरवर ‘ओव्हरक्लॉकिंग’चे पैसे घेणारा माणूस बहुधा विंडोजचा पॉवर मोड बदलून देतो, वेगाचे कुलूप उघडत नाही.

प्रोसेसर खुला असला, तरी खरा प्रश्न उष्णतेचा आहे. वीज वेगाच्या प्रमाणात लागते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या (व्होल्टेज गुणिले व्होल्टेज) प्रमाणात. वेग 10 टक्के वाढवला आणि त्यासाठी व्होल्टेजही 10 टक्के वाढवावे लागले, तर उष्णता साधारण 33 टक्क्यांनी वाढते. ही सगळी उष्णता बोटभर जाडीच्या डब्यातून दोन पंख्यांनी बाहेर फेकायची असते. बऱ्याच गेमिंग लॅपटॉपमध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक्स चिप यांचे उष्णता वाहून नेणारे तांब्याचे हीटपाइप सामाईक असतात. प्रोसेसर तापला की ग्राफिक्सच्या वाट्याचे थंडावणेही तोच खातो, आणि बहुतेक गेममध्ये फ्रेम (दर सेकंदाला पडद्यावर येणारी चित्रे) तर ग्राफिक्स चिपच्या जोरावर मिळतात. ओव्हरक्लॉक केल्यावर गेम आणखी अडकू लागला, अशी तक्रार घेऊन मुले येतात ती यामुळेच. चिप 100 अंशांच्या आसपास गेली की स्वतःला वाचवण्यासाठी वेग आपोआप खाली आणते.

आता यात आपले नागपूर आणा. 23 मे 2013 रोजी इथे पारा 47.9 अंशांवर गेला होता. बहुतेक कंपन्या लॅपटॉप वापरण्यासाठी खोलीच्या तापमानाची मर्यादा 35 अंश सांगतात. पंखा खोलीतलीच हवा आत ओढतो, त्यामुळे खोली जितकी तापेल जवळजवळ तितकीच चिपही वर चढते. थंडीच्या सुट्टीत रात्री बसून जमवलेली सेटिंग मेअखेरच्या नवतप्यात कोसळते, ती याच हिशेबाने. त्यात कूलर. कूलरची ओलसर हवा धूळ चिकट करते. मागचे झाकण उघडले की पंखा आणि हीटसिंकच्या (उष्णता हवेत सोडणाऱ्या जाळीच्या) पात्यांमध्ये करड्या रंगाची घट्ट घडी बसलेली सापडते. चिमट्याने ओढली तर अख्खी पट्टी निघते, मधूनमधून खसाच्या काड्या अडकलेल्या. त्याखालची थर्मल पेस्ट, म्हणजे चिपची उष्णता हीटसिंककडे पोचवणारा लेप, उन्हात सुकलेल्या चुन्यासारखी तडकलेली असते. ही घडी काढून नवी पेस्ट लावली की पुष्कळ मुले ओव्हरक्लॉकिंगचे नावही काढत नाहीत, कारण अडकणारा गेम तेवढ्यानेच सुटतो.

माझे मत ठाम आहे: आपल्या हवेत वेग वाढवण्यापेक्षा व्होल्टेज कमी करावे. याला अंडरव्होल्टिंग म्हणतात. थ्रॉटलस्टॉप किंवा इंटेलच्या एक्सटीयू या सॉफ्टवेअरमध्ये 10-10 मिलिव्होल्टने खाली या, दर टप्प्यावर नेहमीचा गेम तासभर चालवा, लॅपटॉप बंद पडला की दोन टप्पे मागे या. वेग तोच राहतो, उष्णता उतरते. काही लॅपटॉपमध्ये ही सोय बंद दिसेल. डिसेंबर 2019 मध्ये प्लंडरव्होल्ट नावाची सुरक्षा-त्रुटी उघड झाली, त्यानंतर कंपन्यांनी बायोस अपडेटमधून व्होल्टेज बदलण्याची सोय बंद केली. ती सोय परत मिळवण्यासाठी जुना बायोस शोधून बसवू नका. मदरबोर्ड गेला तर खर्च झेपत नाही. त्याऐवजी गेमच्या फ्रेम स्क्रीनच्या हर्ट्झइतक्याच, म्हणजे स्क्रीन सेकंदाला दाखवू शकते तितक्याच बांधा. रॅमची एकच पट्टी असेल तर तशीच दुसरी बसवा. वेगळे ग्राफिक्स कार्ड नसलेल्या लॅपटॉपला याचा मोठा फायदा होतो.

तरीही ज्याचा प्रोसेसर खुला आहे आणि हौस आहे, त्याने जरूर करावे. मी विरोधात नाही. पण आधी सफाई आणि पेस्ट. मग व्होल्टेजला हात न लावता वेग 100 मेगाहर्ट्झने वाढवा, एचडब्ल्यूइन्फो या सॉफ्टवेअरवर तापमान बघा, आणि 90 अंशांच्या आत राहत असेल तरच पुढे जा. ही तपासणी भर दुपारी, कूलर बंद ठेवून करा. बदल बायोसमध्ये कायम करू नका. सॉफ्टवेअरमधूनच ठेवा, म्हणजे रिस्टार्टनंतर मूळ वेगावर परतता येते. ओव्हरक्लॉकिंगने वॉरंटी जाऊ शकते, असे इंटेल स्वतःच सांगते, तेव्हा वॉरंटीच्या काळात थांबलेलेच बरे.

पालकांना एक विनंती. मुलाला तापमानाचे आकडे विचारता आले नाहीत तरी लॅपटॉपचा टचपॅड बघा. तो वर उचललेला दिसला, किंवा झाकण नीट मिटेनासे झाले, तर आत बॅटरी फुगली आहे. ती दाबू नका, टोचू नका, चार्जिंगला लावू नका. लॅपटॉप बंद करून त्याच दिवशी जवळच्या दुरुस्तीवाल्याकडे न्या.

आपला,
एक लॅपटॉप दुरुस्ती कारागीर, महाल, नागपूर