संशयाचा गर चांगल्या ढिगात

भाई,

तोंडावर आभार मानले असते तर तुम्ही "असू दे, असू दे" म्हणत चहा मागवला असता आणि विषय तिथेच संपला असता. म्हणून सगळ्यांसमोर लिहितोय. तुमचं नाव घेत नाही, गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या तुमच्या काजू कारखान्याचंही नाही. नाव घेतलेलं तुम्हाला रुचणार नाही. पण आयुष्यभर नोकरी करून पन्नाशीनंतर घरच्यांना घेऊन काजूच्या धंद्यात उतरणाऱ्या प्रत्येकाने हे वाचावं असं फार वाटतं.

अशा माणसाला सल्ला देणारे कमी भेटत नाहीत. प्रकल्प अहवाल करून देणाऱ्याने साठ पानं दिली, रंगीत आलेख दिले, आणि खेळतं भांडवल धरलं दोन महिन्यांचं. काजूत माणूस बुडायला एवढी एक चूक पुरते. आपल्याकडे बी येते मार्च ते मे. पाऊस लागला की झाडाखाली पडलेली बी काळी पडते, आत गर डागाळतो. म्हणजे वर्षभर जे फोडायचं ते दहा-बारा आठवड्यांत रोखीने घ्यायचं, गोदामात रचायचं, आणि त्याचे पैसे मोकळे व्हायचे चवथ, दिवाळी, नाताळ अशा हप्त्यांनी. महिनाअखेरीस पगार जमा होण्याची सवय लागलेल्या घराला हे आधी कुणीतरी सांगायला हवं होतं. फी घेणाऱ्याने सांगितलं नाही. मशीन विकणाऱ्याने तर आपोआप बी कापणारं यंत्र गळ्यात मारायचा घाट घातला होता. ते यंत्र नीट चालायला एका मापाची बी लागते. आपल्या बागा बहुतेक बियांपासून उगवलेल्या, एका पोत्यात बोटाच्या पेराएवढी बी आणि तिच्या दीडपट बी शेजारी शेजारी. मापाने चाळून न घेता घातली की मोठ्या बीचा गर मधोमध कापला जातो आणि लहान बी तशीच बाहेर पडते. हे त्याला माहीत नसेल, यावर विश्वास ठेवणं कठीण आहे.

आणि मग तुम्ही आलात, न बोलावता. कुणाकडून तरी कानावर गेलं होतं की आमचा सहा टन बीचा सौदा ठरतोय आणि व्यापारी 48 चा आउटटर्न, म्हणजे एका पोत्यामागे 48 पौंड गर, सांगतोय. सकाळी सात वाजता पिशवीत छोटा काटा, कातर आणि जुनं वर्तमानपत्र घेऊन अंगणात उभे.

नव्या माणसांसाठी तुमची रीत इथे मांडून ठेवतो. पोत्याच्या तोंडाशी असलेली मूठभर बी बघून काही कळत नाही, चांगला माल नेहमी वरच असतो. दर दहा पोत्यांतल्या एकात पोकळ सळई खुपसायची, वरून, मधून आणि तळातून बी काढायची. सगळी बी जमिनीवर ओतून मिसळायची, ढिगाचे चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन बाजूला सारायचे, उरलेले पुन्हा मिसळायचे. असं करत एक किलोवर यायचं. आधी बिया मोजायच्या. किलोत जितक्या जास्त बिया तितका बारीक माल. मग एकेक बी मधून कापून गर काढायचा आणि तीन ढीग लावायचे: चांगला, डागी किंवा सुरकुतलेला, आणि टाकाऊ. चांगल्याचं वजन पूर्ण धरायचं, डागीचं अर्धं, टाकाऊचं शून्य. येणाऱ्या ग्रॅमना 80 ने गुणून 453.6 ने (एका पौंडाचे ग्रॅम) भागायचं, की 80 किलोच्या पोत्यातून किती पौंड गर निघेल तो आकडा मिळतो. तोच आउटटर्न. व्यापारी पौंडांतच बोलतात, म्हणून पौंड.

त्या दिवशी चांगला गर भरला 222 ग्रॅम, डागी 36. म्हणजे 240 ग्रॅम, आउटटर्न 42 च्या थोडा वर. 48 साठी 272 ग्रॅम लागले असते. किलोमागे 32 ग्रॅमची तूट, सहा टनांवर 192 किलो गर. नोकरीच्या शिल्लकीतून उभ्या राहणाऱ्या घरचा पहिला हंगाम त्यातच वाहून गेला असता.

पण भाई, मला राहून राहून आठवतो तो हा आकडा नव्हे. ढीग लावताना काही गर असे निघाले की चांगले म्हणावेत की डागी, ठरेना. एका कडेला फिकट ठिपका, बाकी पांढराशुभ्र. तुम्ही तो गर उजेडाकडे धरायचात, उलटसुलट बघायचात आणि चांगल्याच्या ढिगात ठेवायचात. दर वेळी. डागीत का नाही, असं विचारल्यावर मान वर न करता म्हणालात, "तो मनीस हांगा ना." व्यापारी समोर नव्हता, आपली बाजू मांडू शकत नव्हता, म्हणून संशयाचा फायदा त्याला. तुम्ही आमच्यासाठी आला होतात, त्याच्याशी तुमचं काही देणंघेणं नव्हतं, आणि तरी काटा त्याच्या बाजूने इतका जपलात. म्हणूनच आलेल्या आकड्यावर घरात कुणी शंका घेतली नाही. दुसरा किलो तुम्ही घरच्यांना कापायला लावलात, त्याआधी प्रत्येकाच्या तळव्यावर स्वतः खोबरेल ओतलंत, कारण टरफलातलं तेल लागलं की कातडी भाजते आणि सालपटं निघतात. आकडा पुन्हा 42 च्या आसपासच. त्यानंतरही तुम्ही त्या व्यापाऱ्याला वाईट म्हणाला नाहीत. एवढंच म्हणालात की या मालाला 42 चा भाव द्या, 48 चा देऊ नका.

बाकीचं तुम्ही पुढच्या काही आठवड्यांत येता-जाता सांगत गेलात. बागेतून थेट आलेल्या बीत 14 टक्के ओल असेल आणि ती 8 टक्क्यांवर सुकवली, तर 100 किलोचे साडेत्र्याण्णवच उरतात. 150 रुपयांची बी हातात पडते ती 160 ला, हे भाव ठरवण्याआधी डोक्यात हवं. हलवली की बी आत खुळखुळली पाहिजे. पोती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर. आपल्या जुलैच्या दमट हवेत भिंतीला टेकलेलं पोतं आधी बुरशी धरतं. फोडण्याआधी बी वाफवताना वाफ कमी लागली तर गर टरफलाला चिकटून ओरखडतो, जास्त लागली तर टरफलाचं तेल आत उतरून गर पिवळा पडतो. वाफवलेली बी रात्रभर गार होऊ द्यायची, गरम कापायची नाही. मग गर बोरम्यात, म्हणजे सुकवायच्या भट्टीत, 70 अंशांच्या आसपास सहा ते आठ तास, मधे ट्रे वरखाली करायचे, कारण तळाचा ट्रे आधी करपतो. साल सुटेना म्हणून आच वाढवणं ही नवख्यांची हमखास चूक. जास्त सुकलेला गर सोलताना तुटतो, आणि अख्ख्या गराचा तुकडा झाला की भावही तुटतो. 320 नंबरचा अख्खा गर म्हणजे पौंडात साधारण तेवढे गर, 240 म्हणजे त्याहून मोठे. हे नंबर गिऱ्हाईक विचारतं, आपल्याला पाठ हवेत.

यातली एकही गोष्ट तुमच्या फायद्याची नव्हती. त्याच बाजारात, त्याच बागायतदारांकडून तुम्हीही बी घेता. आम्ही उभे राहिलो तर तुमच्या वाट्याची काही पोती इकडे येणार, हे तुम्हाला कळत नव्हतं असं कसं म्हणू? ज्यांना पैसे मोजले त्यांनी हात झटकले, आणि ज्याचा धंदा थोडा का होईना आम्ही खाणार, त्याने तेलाची बाटली घरून आणली. आपल्या गावांतून अशी माणसं अजून आहेत. दुकानदार वजनात चार दाणे वर टाकतो, गाडीवाला उशिरा हाती आलेले भाड्याचे पैसे मोजत बसत नाही. त्यांच्या जोरावर नव्या माणसाला धंद्यात पाय टाकायची हिंमत होते, असं मला आता पक्कं वाटतं.

घरात आता प्रत्येक पोत्याची वही आहे: कुठल्या बागेची बी, किती बिया किलोत, आउटटर्न किती, अख्खा गर किती टक्के निघाला. नोकरीतली नोंदी ठेवायची सवय इथे कामी आली, आणि तुम्ही ती वही चाळताना मान डोलावलीत तेव्हा घरात सगळ्यांना केवढं बरं वाटलं म्हणून सांगू.

तुमची कातर अजून आमच्याकडे आहे, दांड्याला सुतळी गुंडाळलेली. मार्चमध्ये पहिल्या पोत्याचा किलो कापून झाला की स्वतः आणून देतो. ठिपक्याचे गर चांगल्या ढिगातच ठेवू.

तुमचाच,
शेजारच्या गावातला नवा काजूवाला