ग्लुकोमीटरमधली रीडिंग संगणकावर चुकीची उतरत असल्याबाबत तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

विषय : नव्या आवृत्तीच्या प्रोग्रॅममधून तयार होणाऱ्या फाइलमधील चुका

महोदय / महोदया,

माझ्या आईला दिवसातून दोन वेळा इन्सुलिन घ्यावे लागते. तिची रीडिंग मी आपल्या ग्लुकोमीटरमधून केबलने घरच्या संगणकावर घेते आणि ती फाइल डॉक्टरांना दाखवते. इन्सुलिनचा डोस वाढवायचा की कमी करायचा, हे ते त्यावरून ठरवतात. एचबीए१सी तपासणीतून साधारण तीन महिन्यांची सरासरी कळते, पण साखर पहाटे उतरते की रात्री चढते हे त्यातून समजत नाही. त्यासाठी रोजची रीडिंगच लागतात.

मीटरबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती आपल्या प्रोग्रॅमच्या नव्या आवृत्तीबद्दल.

मध्यंतरी एका पहाटे आई घामाने निथळत होती, हाक मारली तरी धड उत्तर देत नव्हती. मीटरवर आकड्याऐवजी ‘लो’ आले, म्हणजे साखर मीटरच्या मोजमापाच्याही खाली गेलेली होती. तिला तातडीने दवाखान्यात न्यावे लागले. मीटरच्या मेमरीत ते ‘लो’ आजही दिसते, पण संगणकावरच्या फाइलमध्ये ती ओळच नाही. आकडा नाही म्हणून प्रोग्रॅमने ती नोंद गाळून टाकली. आईच्या जिवावर बेतलेली वेळ आलेखातून नाहीशी झाली आणि महिन्याची सरासरी होती त्यापेक्षा जास्त दिसू लागली. डॉक्टरांनी नुसता तो आलेख पाहिला असता, तर त्यांनी डोस वाढवला असता. ही चूक किरकोळ म्हणून सोडून देण्यासारखी नाही.

साखर मीटरच्या मोजमापाच्या वर गेली की येणाऱ्या ‘हाय’चे याच्या उलट होते. तिथे प्रोग्रॅम सरळ ६०० हा आकडा लिहितो, जणू तो मोजलेलाच आहे. नवी स्ट्रिपची डबी उघडल्यावर कंट्रोल सोल्युशनने (मीटर बरोबर मोजतो का हे पाहण्यासाठीच्या, साखरेचे प्रमाण ठरलेल्या द्रावणाने) केलेली चाचणीसुद्धा आईच्या रक्तातली साखर म्हणून यादीत येते.

तारखांचाही गोंधळ आहे. आधीची आवृत्ती दिवस आधी लिहायची, नवी महिना आधी लिहिते. त्यामुळे माझ्या स्प्रेडशीटमध्ये ४ मार्चचे रीडिंग ३ एप्रिलला जाऊन बसते आणि १२ तारखेनंतरची रीडिंग तारीख म्हणून ओळखलीच जात नाहीत.

हे सगळे टाळता येण्यासारखे आहे. ब्लूटूथ ग्लुकोमीटरसाठी २०१२ पासून प्रमाणित आराखडा आहे. त्यात प्रत्येक रीडिंगला अनुक्रमांक आणि वेळ असते, नमुना रक्ताचा की कंट्रोल सोल्युशनचा याची नोंद असते, आणि मोजमापाच्या वर किंवा खाली गेलेल्या निकालासाठी वेगळी खूण असते. मग केबलने माहिती घेणाऱ्यांना ती अर्धवट का मिळावी?

आणखी एक गोष्ट. नव्या आवृत्तीत फाइल काढण्यासाठी आधी आपल्या संकेतस्थळावर खाते उघडून सगळी रीडिंग तिथे पाठवावी लागतात. ही माहिती आईची आहे, ती कुठे पाठवायची हे तिने ठरवायचे. केबल आमच्याकडे, संगणक आमचा, मग मध्ये आपला सर्व्हर कशाला?

माझी मागणी अशी आहे की ‘हाय’ आणि ‘लो’ फाइलमध्ये जसेच्या तसे यावेत, कंट्रोल सोल्युशनच्या चाचण्यांवर खूण असावी, तारीख वर्ष-महिना-दिवस या क्रमाने लिहावी आणि खाते न उघडता फाइल घेता यावी. हे होईपर्यंत आधीची आवृत्ती डाउनलोडसाठी उपलब्ध ठेवा. शिवाय, फाइलमधून ‘लो’ नोंदी गळतात हे आपल्या सर्व ग्राहकांना ताबडतोब कळवा. ते सर्वांत तातडीचे आहे, कारण ही फाइल पाहून आज कुठेतरी कुणाचा तरी डोस ठरत असेल.

मीटरच्या पडद्याची छायाचित्रे आणि त्याच दिवसांची फाइल सोबत जोडली आहे. लेखी उत्तराची अपेक्षा आहे.

कळावे,
आपली ग्राहक