फवारणीआधी एक पिंप भर

गुहागर,
अनंत चतुर्दशीनंतरचा रविवार

प्रिय मित्रास,
स. न. वि. वि.

परवा दूरध्वनीवर तू सहज बोलून गेलास की, गणपती झाले, मुंबईकर परतले, आता दिवेआगरच्या आगरात कमरेएवढे तण माजले आहे आणि पुढच्या आठवड्यात तणनाशक आणून एकदाचे ते उरकून टाकणार आहेस. तू एस.टी.त होतास, मध्येच आवाज तुटत होता, म्हणून मी तेव्हा काही बोललो नाही. पण ते वाक्य दोन दिवस डोक्यातून जाईना, म्हणून हे पत्र. फवारणी थांबव, निदान हे वाचून होईपर्यंत तरी थांबव.

तुझे आगर पुळणीच्या वाळूचे आणि माझी वाडी तांबड्या जांभ्याची, तरी दोघांचे दुखणे एकच आहे. चार महिन्यांत सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस ज्या जमिनीतून झिरपून जातो, तिच्यातले विरघळणारे नत्र (नायट्रोजन) आणि पालाश (पोटॅश) त्या पाण्याबरोबर खाली उतरते आणि पऱ्ह्यावाटे, म्हणजे ओहोळावाटे, खाडीला मिळते. जमीन उघडी असेल तर हा व्यवहार अधिकच वेगाने होतो. या चार महिन्यांत तिथे आपोआप उगवलेला टाकळा, कुर्डू, केना, ओसाडी, तेरडा हे सारे त्यातला काही वाटा मुळांनी उचलून पानांत साठवत असतात. म्हणजे तू ज्याला फवारायला निघालास, ते तुझ्याच जमिनीतून वाहून जाता जाता अडवलेले खत आहे. ते कापून पिंपात कुजवायचे आणि पाऊस थांबल्यावर भाजीच्या मुळाशी परत द्यायचे, एवढेच मला सांगायचे आहे. बाहेरून नवे काही येत नाही, घरचे घरी राहते.

तू हिशेबी माणूस आहेस, म्हणून आकड्यांचे आधीच सांगतो, नाहीतर मी चमत्कार विकतो आहे असे तुला वाटेल. ओल्या तणाच्या वजनात पाच हिश्श्यांपैकी चार हिस्से तरी पाणीच असते. ३० किलो तण कापलेस तर सुके द्रव्य पाच-सहा किलो धर, आणि कोवळ्या पाल्यात त्याच्या दोन-अडीच टक्के नत्र धरले तर सारे मिळून शंभर-सव्वाशे ग्रॅम नत्र होते; पालाशही साधारण तेवढेच किंवा थोडे अधिक. युरियात ४६ टक्के नत्र असते, म्हणजे एवढ्या खटाटोपानंतर पिंपात जे उतरते त्यातले नत्र पाव किलो युरियाच्या आसपास भरते. उलट कासरगोडच्या केंद्रीय लागवड पिके संशोधन संस्थेची शिफारस एका मोठ्या माडाला वर्षाकाठी ५०० ग्रॅम नत्र, ३२० ग्रॅम स्फुरद (फॉस्फेट) आणि १,२०० ग्रॅम पालाश अशी आहे. तेव्हा या पाण्यावर माड पोसण्याचे स्वप्न पाहू नकोस. माडाला शेणखत, आळ्यात गाडलेला पाला आणि लागेल ते खत द्यावेच लागेल. पण परसातली वांगी, मिरची, भेंडी, पडवळ, दारची जास्वंद आणि विहिरीजवळच्या चार केळी एवढ्यांना थोडे थोडे, दर पंधरवड्याला आणि मुळांना लगेच घेता येईल अशा रूपात मिळाले तर ते पाव किलो पुष्कळ झाले. स्फुरद मात्र यात अगदी बेताचे असते, आणि आमची तांबडी आम्ल माती असलेले स्फुरदही धरून बसते, त्यामुळे त्या बाबतीत या पिंपाचा भरवसा धरू नये.

कापण्याची वेळ आत्ताची आहे. टाकळ्याच्या शेंगा पिकण्याआधी, कुर्डूचे तुरे बी धरण्याआधी विळा चालवायला हवा. टाकळ्याचे बी टणक कवचाचे असते आणि ते पिंपात खात्रीने मरेल असे समजू नये. पाला जितका कोवळा, तितके नत्र अधिक. दांडे निबर झाले की नुसता चोथा हाती लागतो. कुंपणाला उंदीरमारी आहे ना तुझ्याकडे? (कृषी खात्याची माणसे तिलाच गिरिपुष्प म्हणतात.) तिच्या कोवळ्या फांद्या ओरबाडून दोन पाट्या पाला घाल, कारण नत्राच्या बाबतीत ती साऱ्या तणांहून सरस आहे. रानमोडीही चालते, फुलण्याआधी कापलेली. गाजर गवत दिसले तर त्याला उघड्या हाताने शिवू नकोस, कातडीला खाज सुटून चट्टे उठतात. ते मी पिंपातही घेत नाही. लव्हाळ्याचा पाला घे, पण गाठी घेऊ नकोस. त्या गडग्यावर उन्हात पसरून खडखडीत वाळू दे. आणि एकदा फवारलेले तण मात्र कधीच पिंपात घालायचे नाही. रुंद पानांची तणे मारणारे २,४-डी सारखे रसायन वांगी-मिरचीला अगदी अल्प मात्रेतही बाधते, आणि ते पिंपात कुजून नाहीसे होईल अशी खात्री धरता येत नाही. म्हणूनच मी घाईने लिहितो आहे: तू एकदा पंप पाठीला लावलास की यंदाचे सारे तण या कामातून बाद झाले.

कृती सोपी आहे. २०० लिटरचा प्लास्टिकचा पिंप घे, पण आधी त्यात काय भरलेले होते याची चौकशी करून घे. कोयत्याने वीतभर तुकडे केलेले ३० किलो तण त्यात दाब, वर विहिरीचे किंवा पागोळीचे पाणी दीडशे लिटरपर्यंत भर, आणि पाला तरंगू नये म्हणून एक जांभ्याचा चिरा ठेव. सुरुवातीला घमेलेभर ताजे शेण कालवले तर कुजणे लवकर लागते. गूळ आणि बेसन जीवामृतात, म्हणजे शेण-गोमूत्राच्या आंबवलेल्या खतात, घालतात; इथे मला त्यांची गरज वाटत नाही, पाल्यातच जिवाणूंना पुरेसे खाद्य असते. तोंडाला जुन्या धोतराचा दुहेरी तुकडा सुतळीने बांध. झाकण घट्ट लावायचे नाही, कारण आत वायू तयार होतो. आणि उघडेही ठेवायचे नाही, कारण डास. मागे एकदा माझे फडके सरकलेले आठवडाभर लक्षात आले नाही, तेव्हा पृष्ठभागावर पांढुरक्या अळ्या वळवळताना दिसल्या, प्रत्येकीला शरीराहून लांब बारीक शेपटी. खाली बसून पाहिले तर ती शेपटी म्हणजे श्वासाची नळी होती: अळी आत घाणीत, आणि नळीचे टोक तेवढे पाण्याच्या वर, एखाद्या पाणबुड्यासारखे. त्या एका माशीच्या अळ्या असतात आणि खताचे काही बिघडवत नाहीत; पण आमच्या काकूंनी त्या पाहिल्या आणि त्यानंतर महिनाभर परसातली वांगी खाल्ली नाहीत.

दोन-तीन दिवसांनी एकदा पोफळीच्या काठीने ढवळत जा. पहिले काही दिवस फेस येतो, मग तो बसतो, पाने विरून शिरा तेवढ्या उरतात आणि पाणी बिनदुधाच्या चहासारखे काळपट होते. आपल्या आश्विनातल्या उकाड्यात पंधरा दिवस ते तीन आठवडे पुरतात.

आता वासाविषयी, कारण तो लपवून चालणार नाही. जुन्या संस्कृत ग्रंथांत झाडांना घालायच्या अशाच आंबवलेल्या खताला ‘कुणपजल’ म्हटले आहे. त्यात मांस-मासळीही असे आणि कुणप म्हणजे प्रेत, यावरून काय ते समज. आपल्या पिंपात मांस नाही, तरी पाल्यातली प्रथिने हवेविना कुजली की नाव सार्थ होते. पहिल्या वर्षी मी पिंप घराच्या पश्चिमेला, माडांच्या सावलीत ठेवला, कारण तिथून पाणी जवळ होते. घरी सत्यनारायण होता. सकाळी काही जाणवले नाही. दुपारी समुद्राकडून खारा वारा सुटला आणि तीर्थप्रसादाच्या वेळी ओटीवर बसलेली माणसे एकमेकांकडे संशयाने पाहू लागली. एका वृद्ध गृहस्थांनी तर कुठे उंदीर मेला आहे का ते पाहण्यासाठी माळ्यावर चढायची तयारी केली. मी अपराध कबूल केला तो सारे पाहुणे गेल्यावर. तेव्हापासून पिंप पूर्वेला, गोठ्याच्या मागे असतो. रात्री वारा जमिनीकडून फिरतो, पण तो मंद असतो आणि तोवर खिडक्या लावलेल्या असतात. तुझे घरही समुद्राकडे तोंड करून आहे, तेव्हा हे ध्यानात ठेव.

वापरताना माझ्या हातून झालेली दुसरी चूक महागात पडली. गाळलेले पाणी घट्ट होते ते तसेच, एक तांब्या प्रत्येकी, मिरचीच्या कोवळ्या रोपांना घातले, तेही भर दुपारी, कोरड्या मातीत. तिसऱ्या दिवशी पानांच्या कडा तपकिरी होऊन आत वळल्या, आणि चोवीस रोपांपैकी सातच जगली. तेव्हा एका भागाला दहा भाग साधे पाणी हे प्रमाण मोडू नकोस. रोपवाटिकेला वीस भाग. आधी साधे पाणी शिंपून माती ओली करायची, मग संध्याकाळी झाडाच्या बुंध्यापासून थोडे दूर अर्धा ते एक लिटर ओतायचे. पानांवर शिंपडायचे नाही, आणि कोथिंबीर-मुळ्यासारख्या कच्च्या खायच्या भाजीला घालायचेच नाही. वाल-चवळीलाही आवरते घे; त्यांच्या मुळांवरच्या गाठी नत्र आपले आपण मिळवतात, वरून दिलेस तर वेल माजतो आणि शेंगा धरत नाहीत. चुलीतली राख या पाण्यात कधी कालवू नकोस, तिच्या क्षाराने अमोनिया उडून जातो. राख द्यायची तर वेगळ्या दिवशी, मातीत. मुसळधार पावसात हे पाणी घालणे म्हणजे पुन्हा खाडीलाच दान, म्हणून दसऱ्यापासून पुढे वैशाखापर्यंत वापरावे.

तळाशी उरलेला चोथा मी आधी तसाच केळीच्या आळ्यात टाकत असे. एके वर्षी घाईने आठ दिवसांतच पिंप उपसला, आणि केन्याच्या प्रत्येक पेराला पांढरी मुळे फुटून केळीखाली हिरवा गालिचा पसरला. केन्याला पेर तेवढे पुरे. आता चोथा दोन दिवस कातळावर वाळवून मगच उकिरड्यात टाकतो.

कोजागिरीला मी तिकडे यायचे ठरवले आहे. धोपाव्याहून दाभोळला आणि पुढे वेश्वीहून बागमांडल्याला फेरीबोटीने आलो तर दुपारपर्यंत पोहोचेन. या आठवड्यात भरलास तर तोवर तुझा पिंप तयार झालेला असेल, आपण दोघे मिळून गाळू. तो कोणत्या बाजूला ठेवलास ते मात्र आधी कळव, म्हणजे चांदण्यात दुधाला कोणत्या अंगणात बसायचे ते ठरवता येईल.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
गुहागरकर