मेडिकलवाल्या दादांना, पाण्याबद्दल

दादा, स. न. वि. वि.

तुमचं नाव आणि दुकानाचा पत्ता इथं मुद्दाम लिहीत नाही. लिहिला तर उद्या निम्मी शिवाजी पेठ हातात डबे घेऊन तुमच्या काउंटरवर उभी राहील, आणि तुमचा स्वभाव असा की एकेकाशी अर्धा अर्धा तास बोलत बसाल. पण आभार चारचौघांत मानायचे होते, म्हणून हे पत्र.

क्रिएटिनचा, म्हणजे व्यायाम करणारी पोरं ताकदीसाठी घेतात त्या पावडरीचा, डबा पिशवीत घालून मी आले, तेव्हा मला एवढंच विचारायचं होतं की हे बंद करू का. पोरगं पोलीस भरतीची तयारी करतंय. त्याला जिममध्ये कुणीतरी सांगितलेलं, ही पावडर घेतली की दिवसाला आठ लिटर पाणी प्यायलाच पाहिजे, नाहीतर किडनी गेली म्हणून समज. मग काय, पहाटे रंकाळ्यावर पळायला जायच्या आधी तांब्यावर तांबे रिचवायचं आणि पोट धरून परत यायचं. दुसरीकडं सासूबाईंचा धोशा, की पांढरी पावडर म्हणजे स्टिरॉइडच.

तुम्ही आधी चष्मा लावून डब्यावरचं सगळं वाचलंत. मग म्हणालात, "काकू, हे स्टिरॉइड नव्हं. आपलं लिव्हर आणि किडनी हे रोज थोडं बनवतात. तुमच्या मटणातबी असतंय." किलोभर कच्च्या मटणात साधारण चार-पाच ग्रॅम, आणि पोराचा रोजचा डोस 3 ते 5 ग्रॅम. हे सांगितल्यावर सासूबाई म्हणाल्या, मग डब्यापेक्षा मटणच आणा की! सासरे तालमीत वाढलेले, खासबागेत लढलेले. बदामाची थंडाई आणि कट्ट्यावरचं धारोष्ण दूध यापलीकडं खुराक असतो हे आमच्या घरात पटायला वेळच लागतो.

पाण्याचं मात्र तुम्ही जे समजावलंत, ते मी अजून येईल त्याला सांगते. चिरलेल्या काकडीला मीठ लावलं की ते पाणी ओढून घेतं, तसं क्रिएटिन स्नायूच्या आत जाताना सोबत पाणी ओढतं. म्हणून पहिल्या काही आठवड्यांत काट्यावर किलो-दोन किलो वाढलेलं दिसतं, आणि पोरं खूश होतात की अंगावर मांस चढलं. ते बहुतेक पाणीच. त्यातून सुरुवातीचे पाच-सात दिवस 20 ग्रॅमचं 'लोडिंग' केलं तर ते अजून पटकन दिसतं. तुम्ही म्हणालात, त्याची गरजच नाही. रोज 3 ते 5 ग्रॅम घेतलं तरी तीन-चार आठवड्यांत स्नायू क्रिएटिननं तेवढेच भरतात.

मग पाणी किती? मला वाटलं तुम्ही आकडा द्याल. तुम्ही उलट विचारलंत, "लघवीचा रंग कसा असतोय त्याच्या?" फिकट पिवळी असली तर ठीक, गडद असली तर कमी पडतंय, आणि दिवसभर पाण्यासारखी पांढरी असली तर उगाच ढोसतोय. पळायच्या आधी आणि नंतर वजन करायचं. अर्धा किलो उतरलं तर साधारण अर्धा लिटर घाम गेला, तेवढं हळूहळू भरून काढायचं. निरोगी किडनीसुद्धा तासाला लिटरभराच्या आसपासच पाणी बाहेर टाकू शकते. त्याच्यावर सारखं ओतत राहिलं तर रक्तातलं सोडियम पातळ होतं. मग डोकं दुखतं, मळमळतं, आणि फारच झालं तर माणूस बरळायला लागतो, झटके येतात. किडनीच्या भीतीनं पाणी पिऊन पोरगं दवाखान्यात पोचलं असतं, हे माझ्या डोक्यातबी नव्हतं. आता पळून आलं की ते मीठ घातलेलं ताक घेतं, आणि पाणी तहानेप्रमाणं, दिवसभरात थोडं थोडं.

शेकरमध्ये सकाळी कालवून संध्याकाळी प्यायची सवयही तुम्ही मोडलीत. पाण्यात बराच वेळ राहिलं की त्याचं हळूहळू क्रिएटिनिन, म्हणजे उपयोग नसलेला टाकाऊ पदार्थ, होत जातं, म्हणून कालवलं की प्यायचं. कोमट पाण्यात ते चांगलं विरघळतं, ग्लासच्या तळाला रेती राहत नाही.

आणि तो पोराच्या रक्ताचा रिपोर्ट! किडनी कशी चालते हे बघायला रक्तातलं हेच क्रिएटिनिन मोजतात, ते जरा वर दिसल्यावर घरात रडारडच व्हायची बाकी होती. तुम्ही सांगितलंत की क्रिएटिन घेणाऱ्याचा हा आकडा थोडा वाढू शकतो, तेवढ्यावरून किडनी बिघडली असं होत नाही, पण डॉक्टरांना पावडरचं सांगितल्याशिवाय रिपोर्ट दाखवू नका. डॉक्टरांनी वेगळी तपासणी करून बघितली, सगळं ठीक निघालं.

अजून एक गोष्ट, जी विकणारा माणूस कधी सांगत नाही. भरतीतल्या गोळाफेक आणि शंभर मीटरला याचा उपयोग होईल, सोळाशे मीटरला फारसा नाही, उलट वाढलेलं वजन घेऊन पळावं लागेल, असं तुम्ही पोराच्या तोंडावर सांगितलंत. ते दोन दिवस फुगून बसलं. मग स्वतःच वेळ लावून बघायला लागलं.

दादा, आमच्या गल्लीतली दोन-तीन पोरं तुमच्याकडं यायची आहेत, मीच पाठवलीत. आधी कधी किडनीचा त्रास झाला होता का, बीपीची किंवा दुखण्याची गोळी चालू आहे का, हे ती आपणहून सांगणार नाहीत. तुम्हीच खोदून विचारा, आणि असेल तर डब्याला हात लावू न देता डॉक्टरांकडं पाठवा.

तुमची,
भरतीवाल्या पोराची आई