चोथा सर्वांनाच मानवत नाही

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या आरोग्यविषयक पानावर बद्धकोष्ठता, मधुमेह किंवा कोलेस्टेरॉल यांच्या निमित्ताने चोथायुक्त आहाराचे महत्त्व वारंवार सांगितले जाते. कोंड्यासकट कणीक, सालीसकट फळे, मोड आलेली कडधान्ये, जेवणाआधी वाटीभर कोशिंबीर आणि रात्री झोपताना इसबगोल हा सल्ला बहुसंख्य वाचकांच्या हिताचा आहे, याबद्दल माझे दुमत नाही. मात्र ज्यांचे आतडे एखाद्या जागी अरुंद झाले आहे, अशा रुग्णांना हाच सल्ला थेट रुग्णालयात पोहोचवू शकतो, आणि त्याचा उल्लेख या लेखांत एका ओळीनेही आलेला माझ्या वाचनात नाही. गेली चार वर्षे मी अशा एका रुग्णाचा स्वयंपाक करीत आहे, म्हणून हे पत्र लिहिण्याचे धाडस करते.

माझ्या यजमानांना आतड्याचा क्षयरोग झाला होता. क्षय म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर खोकला आणि फुप्फुसे येतात; पण तो पोटातही होतो, आणि पोटात झाला तर बहुधा लहान आतडे जिथे मोठ्या आतड्याला मिळते, त्या सांध्याजवळ ठाण मांडतो. सहा महिन्यांच्या औषधांनी ताप गेला, भूक परतली, वजन भरू लागले. परंतु भाजलेल्या जागेवरची कातडी बरी होताना जशी आवळून येते, तसे आतडे आतून आवळले गेले आणि ते तसेच राहिले. आतड्याला दीर्घकाळ सूज आणणाऱ्या क्रोन्स नावाच्या आजारातही हेच होऊ शकते. न्यूयॉर्कच्या तीन डॉक्टरांनी १९३२ साली या आजाराचे सविस्तर वर्णन केले. आपल्याकडेही त्याचे रुग्ण आहेत, आणि क्षय की क्रोन्स हे ठरवताना तज्ज्ञांनाही पुष्कळदा विचारात पडावे लागते. पोटाच्या जुन्या शस्त्रक्रियेनंतर आतडी एकमेकांना चिकटल्याने किंवा कर्करोगासाठी पोटावर घेतलेल्या किरणोपचारानेही वाट अरुंद होऊ शकते. कारणे वेगळी असली, तरी ताटापाशी बसलेल्या माणसाची अडचण पुष्कळशी एकच असते.

रुग्णालयातून घरी सोडताना आम्हाला जो कागद मिळाला, त्यावर आहाराच्या रकान्यात दोनच शब्द होते: ‘हलका आहार’. त्या दोन शब्दांविषयी माझी तक्रार आहे. आमच्या घरात, आणि मला वाटते बहुतेक मराठी घरांत, हलके म्हणजे कमी तेलाचे, कमी तिखटाचे, पोटाला जड न होणारे. मी मनोभावे हलकेच देत राहिले. मोड आलेल्या मुगाची उसळ, काकडीची कोशिंबीर, दुपारी संत्री, संध्याकाळी ज्वारीच्या लाह्या. दर आठ-दहा दिवसांनी यजमानांचे पोट दुखे आणि आम्ही त्याला गॅस म्हणत असू. मग आषाढात एका संध्याकाळी सासूबाईंनी मायेने कणीस भाजले, “घे रे, कोवळं आहे,” म्हणून पुढे केले आणि त्यांनी ते पूर्ण खाल्ले.

रात्री दोनच्या सुमारास कळा सुरू झाल्या. बेंबीच्या खाली पोट एका बाजूने फुगून वर येई, कातडीखालून काहीतरी सरकत गेलेले डोळ्यांना दिसे, आतली गुरगुर पलंगाशेजारी उभ्या असलेल्या मला ऐकू येई, मग कळ ओसरे आणि पाच-दहा मिनिटांनी पुन्हा तेच. पहाटे हिरवट उलट्या सुरू झाल्या. वायू सरणे बंद झाले होते. पुढचे तीन दिवस नाकातून नळी, शिरेतून सलाईन आणि तोंडाला पाण्याचा थेंब नाही, अशा अवस्थेत गेले. शस्त्रक्रिया टळली, हे आमचे नशीब.

तिथल्या आहारतज्ज्ञ बाईंनी मला विचारले, “घरी पुरणयंत्र आहे ना?” मी हो म्हटल्यावर त्या म्हणाल्या, “मग सोपं आहे. शिजवलेलं काहीही त्यातून दाबून काढा. खाली उतरेल ते साहेबांचं, वर राहील तो चोथा.” चार वर्षांत मला मिळालेला हा सर्वांत उपयोगी सल्ला आहे. टोमॅटोची साल जाळीवर कागदाच्या सुरळीसारखी गुंडाळून राहते, पालकाच्या देठांचे दोरे राहतात, वालाची टरफले राहतात, आणि हे सगळे आपण शिजून मऊ झाले असे समजून वाढत होतो, हे स्वतःच्या डोळ्यांनी दिसते.

यामागचे कारण समजून घेतले की पथ्य पाठ करावे लागत नाही. आपण खाल्लेला भात, डाळ, तूप, साखर हे लहान आतड्यात पोहोचेपर्यंत पातळ झालेले असते आणि वाटेत शोषले जाते. चोथा मात्र लहान आतड्यात पचतच नाही. त्याच्यावर जी काही प्रक्रिया व्हायची ती पुढे मोठ्या आतड्यातील जिवाणूंकडून होते. म्हणजे दातांनी सोडून दिलेला मक्याचा दाणा, मटकीचे साल किंवा शेवग्याच्या शेंगेचा रेषा जवळजवळ तशाच रूपात त्या अरुंद जागेशी येतो. पातळ पदार्थ तिथून निघून जातो आणि रेषे मागे राहून त्यांचा बोळा होतो, स्वयंपाकघरातील मोरीच्या जाळीवर होतो तसा. म्हणून ‘हलके’ या शब्दाऐवजी ‘मऊ आणि बिनचोथ्याचे’ असे म्हटले असते, तर मी चुकले नसते. साजूक तुपाची धार घातलेला मऊ गुरगुट्या भात आमच्या दृष्टीने जड, पण या आतड्याला तो चालतो. लाह्या आमच्या दृष्टीने सर्वांत हलक्या, आणि त्यांच्या टरफलांचे तुकडे या आतड्याला मुळीच चालत नाहीत.

आमच्या घरात आज काय शिजते ते सांगते. प्रत्येकाची अरुंद जागा वेगळी असते, तेव्हा आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणी याचे अनुकरण करू नये. सकाळी रव्याचा मऊ उपमा, इडली किंवा तांदळाचे घावन. दुपारी भात, सालविरहित मुगाच्या किंवा तुरीच्या डाळीचे घोटलेले वरण, तांदळाची भाकरी किंवा मैदा मिसळलेल्या चाळलेल्या कणकेचा फुलका. भाज्यांत दुधी, लाल भोपळा, गाजर, बटाटा. साल आणि बिया काढून, बोटाने चिरडेल इतके शिजवून. अंडे, पनीर, ताक हे रोज. फळांत पिकलेले केळे, पिकलेली पपई, सोलून शिजवलेले सफरचंद आणि हंगामात हापूसचा गाळलेला रस. रायवळ आंबा मात्र नाही, त्याचे रेषे दातांत अडकतात ते उगीच नाही. संत्रे, पेरू, डाळिंब, अंजीर, सुके खोबरे, ओल्या खोबऱ्याचा कीस, मका, मशरूम, गवार, शेवगा, फणस, कच्चा कांदा हे आमच्याकडे त्यांच्या ताटात येत नाही. कढीपत्त्याची पाने तर सहज गिळली जातात, म्हणून फोडणी वेगळी करून गाळून वरणावर घालते. ज्या पदार्थांची चव हवी पण चोथा नको, त्यांचे पाणी काढता येते: शेवग्याच्या शेंगा आमटीत उकळून काढून टाकल्या तरी वास राहतो, आणि खोबऱ्याऐवजी नारळाचे गाळलेले दूध घातले तर कोणालाही जेवण आजाऱ्याचे वाटत नाही.

नाचणीविषयी थोडे अधिक लिहायला हवे, कारण ती पौष्टिक म्हणून सगळे आग्रह करतात. नाचणीची भाकरी यजमानांना सोसत नाही, पण सत्त्व सोसते. नाचणी रात्रभर भिजवून वाटायची, वाटण पाण्यात कालवून मलमलच्या फडक्यातून पिळून गाळायचे, भांडे काही तास हलवायचे नाही, वरचे पाणी ओतून द्यायचे आणि तळाशी बसलेला गर वाळवायचा. बाळाला पहिले अन्न म्हणून आपल्या आज्या हेच करीत आल्या आहेत. फडक्यात जो तांबूस भुसा उरतो, तोच त्या अरुंद जागेचा शत्रू.

आता इसबगोलाबद्दल. इसबगोल पाणी शोषून फुगतो, आणि हाच त्याचा गुण आहे. परंतु आतडे अरुंद असताना हा गुण वाटेत बूच बसवू शकतो, म्हणून अशा फुगणाऱ्या रेचकांचा वापर आतड्यात अडथळा असलेल्यांना निषिद्ध मानला जातो. कळा येत असताना ‘पोट साफ होऊ दे’ म्हणून एरंडेल पाजणे तर त्याहून वाईट, कारण पुढे वाट बंद असताना आतड्याला मागून जोर करायला लावल्यासारखे ते होते. पोट फुगणे, थांबून थांबून येणाऱ्या कळा, उलट्या, आणि शौच व वायू दोन्ही बंद ही चार लक्षणे एकत्र दिसली, तर घरगुती उपाय न करता आणि काहीही न खाऊ घालता रुग्णालय गाठावे. कळांच्या जागी न थांबणारी वेदना सुरू झाली किंवा सोबत ताप आला, तर एक तासही दवडू नये. कॅप्सूलमधील कॅमेरा गिळून करायच्या तपासणीपूर्वीही अरुंद जागेची कल्पना डॉक्टरांना आवर्जून द्यावी, कारण तो तिथे अडकू शकतो.

भीतीपोटी दुसरे टोक गाठणारेही मी पाहिले आहेत. वर्षभर नुसत्या पेजेवर राहून माणूस हाडांचा सापळा होतो. अरुंदपणा नाही, नुसती सूज किंवा जुना आजार आहे, अशांनी भाज्या-फळे सोडण्याचे कारण नसते. ज्यांचा अरुंदपणा सुजेमुळे आहे, त्यांची वाट औषधांनी पुन्हा मोकळी होऊ शकते. ज्यांचा बऱ्या झालेल्या जखमेच्या आवळलेल्या व्रणामुळे आहे, त्यांच्यासाठी दुर्बिणीतून फुगा फुगवून जागा रुंद करणे किंवा शस्त्रक्रिया असे मार्ग आहेत. पथ्याने व्रण विरघळत नाही, पथ्य फक्त अडथळा टाळते. तेव्हा ते किती कडक आणि किती दिवस, हे दर काही महिन्यांनी विचारत राहावे. आमच्याकडे पहिल्या वर्षी बंद असलेले दाण्याचे कूट आता गंधासारखे वाटून आमटीत चालते. लहान आतड्याच्या शेवटच्या भागातच ब-१२ जीवनसत्त्व शोषले जाते, त्यामुळे त्याची तपासणीही विसरू नये. तीन मोठ्या जेवणांऐवजी पाच-सहा लहान जेवणे आणि प्रत्येक घास सावकाश चावणे, या दोन सवयींनी आम्हाला जितके साहाय्य झाले तितके कोणत्याही यादीने झाले नाही.

क्षयरुग्णांना उपचार चालू असेपर्यंत निक्षय पोषण योजनेतून दरमहा मिळणारी रक्कम नोव्हेंबर २०२४ पासून ५०० रुपयांवरून १००० रुपये झाली आहे, आणि निक्षय मित्रांमार्फत, म्हणजे क्षयरुग्णांना स्वेच्छेने मदत करणाऱ्या व्यक्ती व संस्थांमार्फत, शिधाही दिला जातो. ही मोलाची मदत आहे. परंतु भरड धान्ये, कडधान्ये आणि शेंगदाणे हे फुप्फुसाच्या क्षयरुग्णाला जसे बळ देतात, तसे आतड्याच्या क्षयरुग्णाला देतीलच असे नाही. शिधा देणाऱ्याने ‘क्षय कुठला आहे?’ एवढे विचारले आणि आतडे अरुंद असल्यास शेंगदाण्यांऐवजी दूध पावडर, अख्ख्या कडधान्यांऐवजी धुतलेली डाळ दिली, तर खर्चात फार फरक पडणार नाही.

आपल्याला माझी विनंती अशी की, चोथ्याचे गुण सांगणाऱ्या प्रत्येक लेखाखाली ‘आतडे अरुंद असल्याचे निदान झालेल्यांनी किंवा वारंवार पोट फुगून कळा येणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा आहार सुरू करू नये’ एवढे एक वाक्य छापावे. रुग्णालयांना विनंती अशी की, घरी पाठवताना ‘हलका आहार’ लिहून थांबू नये. गुरगुट्या भात, दुधी, लाह्या, कणीस, मटकी अशी आमच्या स्वयंपाकघरातील नावे घालून, काय चालेल आणि काय नाही याचा मराठी कागद हातात द्यावा, आणि तो रुग्णाच्या नव्हे तर स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीच्या हातात द्यावा. आमच्याकडे तो कागद असता, तर त्या संध्याकाळी सासूबाईंनी ते कणीस नातवाला दिले असते.

कळावे,
आपली विश्वासू,
एक वाचक, सातारा